मंजुरीच्या प्रतीक्षेतील मराठी

एखाद्या तालुक्याच्या गावातील पुस्तकविक्रेता आपल्या दुकानाचे संकेतस्थळ मराठीत थाटतो, पुस्तकांची नावे, लेखकांचे परिचय, टपालखर्चाचे नियम अशी सर्व माहिती शुद्ध मराठीत लिहून काढतो, आणि तरीही ग्राहक पुस्तक निवडून पैसे भरण्याच्या पायरीशी येऊन ठेपला की पडद्यावरील मजकूर अकस्मात इंग्रजी होतो. पत्ता अपुरा आहे, पिनकोड चुकला आहे, रक्कम भरली गेली परंतु मागणीची नोंद झाली नाही, या सूचना वाचणाऱ्याला त्याच्या भाषेत मिळत नाहीत. म्हणजे ज्या क्षणी पैसा हातातून सुटत असतो आणि माणसाला स्वभाषेचा आधार सर्वांत अधिक हवा असतो, नेमक्या त्याच क्षणी ती त्याची सोबत सोडते. यात त्या विक्रेत्याची हयगय नाही. दुकान त्याने उभे केले असले तरी गल्ल्यावरची व्यवस्था दुसऱ्या कोणी रचलेल्या एका लहानशा पुरवणी आज्ञावलीची, म्हणजे प्रचारातल्या शब्दात प्लगइनची, असते, आणि त्या प्लगइनला मराठी कोणी शिकवलेले नसते. ते कोण शिकवते, कोणत्या नियमांनी शिकवते आणि ते काम मध्येच का अडते, याची हकीकत सामान्य वाचकांपुढे क्वचितच येते.

वर्डप्रेस ही संकेतस्थळे बांधण्याची आज्ञावली मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी, ज्याची देखभाल थांबली होती अशा ‘बीटू’ नावाच्या जुन्या आज्ञावलीच्या पायावर, २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध केली. तिचा परवाना असा की कोणीही ती विनामूल्य घ्यावी, तीत फेरफार करावा आणि फेरफारासह ती पुन्हा वाटावी. या उदार सनदेमुळे तिचा प्रसार इतका झाला की आज जगातील दर पाच संकेतस्थळांपैकी निदान दोन तिच्यावर चालतात. परंतु मूळ वर्डप्रेस मुद्दाम बेताचे ठेवलेले आहे. वाचकांना पत्र पाठवण्यासाठी अर्ज हवा असेल तर ताकायुकी मियोशी या जपानी गृहस्थांनी रचलेले ‘कॉन्टॅक्ट फॉर्म ७’ जोडावे, दुकान हवे असेल तर ‘वूकॉमर्स’ जोडावे, शाळेचे वेळापत्रक, देणगीची पावती, छायाचित्रांचे दालन यांपैकी जे हवे त्याचे वेगळे प्लगइन जोडावे, अशी ही रचना आहे. अधिकृत भांडारातच अशा विनामूल्य प्लगइनांची संख्या पन्नास हजारांच्या वर आहे. मूळ आज्ञावली मराठीत येऊन बराच काळ लोटला, आणि २०१४ च्या चौथ्या आवृत्तीपासून तर ती बसवतानाच भाषा निवडता येते. परंतु मूळ आज्ञावली मराठी झाली म्हणून तिला जोडलेली प्लगइने मराठी होत नाहीत, कारण प्रत्येकाचा मजकूर निराळा आणि प्रत्येकाचा कर्ता निराळा.

या मजकुराची व्यवस्था कशी असते ते पाहू. प्लगइन लिहिणारा प्रोग्रॅमर पडद्यावर दिसणारे प्रत्येक वाक्य, वाक्यखंड किंवा बटणावरचा एकेक शब्द एका ठरावीक खुणेत बंद करतो, आणि अशा सर्व तुकड्यांची एक यादी यंत्र आपोआप काढते. या तुकड्यांना भाषांतरकार स्ट्रिंग म्हणतात. प्रत्येक स्ट्रिंगसमोर मराठी मजकूर लिहिला, की त्या जोड्यांचा एक भाषासंच तयार होतो आणि तो संकेतस्थळावर आपोआप उतरतो. ही रीत वर्डप्रेसची स्वतःची नाही. ‘गेटटेक्स्ट’ या नावाने ती युनिक्सच्या जगात आधीपासून रूढ होती, आणि ग्नू प्रकल्पाने १९९५ मध्ये तिचे मुक्त रूप प्रसिद्ध केल्यापासून मुक्त आज्ञावलींच्या बहुतेक भाषांतरांचा पाया तीच आहे.

पूर्वी भाषांतर करणारा माणूस ही यादी आपल्या संगणकावर उतरवून, भरून, प्लगइनच्या कर्त्याकडे परत धाडत असे, आणि कर्ता ती पुढच्या आवृत्तीत घालून देत असे. त्यात एक मूलगामी उणीव होती. ओसाका किंवा टेक्सासमध्ये बसलेल्या कर्त्याला मराठीचे एक अक्षरही ठाऊक नसल्याने जे हाती येई ते तो डोळे मिटून स्वीकारी. चांगल्या भाषांतराला त्याच्याकडून दाद नव्हती आणि वाईटाला अटकाव नव्हता. २०१५ पासून प्लगइनांची भाषांतरे एकाच सामाईक दप्तरात, ‘ग्लॉटप्रेस’ या आज्ञावलीवर चालणाऱ्या भाषांतरस्थळावर, होऊ लागली, आणि मंजुरीचा अधिकार कर्त्याकडून काढून त्या त्या भाषेच्या माणसांकडे सोपवण्यात आला. माझ्या मते या एका फेरफाराचे महत्त्व तांत्रिक सोयीहून पुष्कळ मोठे आहे. मराठी कशी असावी याचा निर्णय मराठी बोलणाऱ्यांनी करावा, ही गोष्ट प्लगइनांच्या जगात तोवर गृहीत धरलेली नव्हती.

अधिकाराबरोबर कारभार आला. या दप्तरात खाते उघडून कोणीही स्ट्रिंगचे भाषांतर सुचवू शकतो, परंतु ती सूचना ‘प्रतीक्षेत’ या वर्गात दाखल होते. तिला मंजुरी देणारे अधिकारी दोन प्रकारचे. एक, संपूर्ण भाषेची जबाबदारी वाहणारे सर्वसाधारण संपादक, ज्यांना मंडळी जीटीई म्हणतात. दुसरे, एखाद्याच प्लगइनपुरती मुखत्यारी असलेले प्रकल्प संपादक, म्हणजे पीटीई. सूचना मंजूर झाली की ती चालू भाषांतर ठरते, नामंजूर झाली की परत जाते, आणि मूळ इंग्रजी वाक्य कर्त्याने किंचित बदलले की जुने भाषांतर ‘संदिग्ध’ असा शिक्का घेऊन पुन्हा तपासणीसाठी येते. या सर्वांवर एक नियम असा की प्लगइनच्या चालू आवृत्तीतील नव्वद टक्के स्ट्रिंग भाषांतरित होऊन मंजूर झाल्याखेरीज त्या भाषेचा पहिला संच तयारच होत नाही. पाचशे स्ट्रिंगच्या प्लगइनमध्ये चारशे चाळीसांना मंजुरी मिळाली असेल तर आपल्या पुस्तकविक्रेत्याच्या पडद्यावर मराठीचे एकही अक्षर उमटत नाही. आणखी दहा मंजूर झाल्या की सगळी एकदम उमटतात. अर्धवट मराठी आणि अर्धवट इंग्रजी असे पान वाचकाला अधिक गोंधळात टाकते, म्हणून हा नियम मला योग्यच वाटतो. मात्र त्यामुळे सर्व भार मंजुरी देणाऱ्यावर येऊन पडतो हे ध्यानात ठेवले पाहिजे.

उत्साहाची वाण मराठीत नाही. २४ एप्रिल २०१६ रोजी पहिला जागतिक वर्डप्रेस भाषांतर दिन झाला, चोवीस तास पृथ्वीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निरनिराळ्या भाषांची मंडळी एकत्र बसून काम करीत राहिली, आणि भारतीय भाषांनीही त्यात आपला वाटा उचलला. मुंबई, पुणे, नाशिक येथे भरलेल्या वर्डकँप मेळाव्यांतूनही हे काम नव्या लोकांपर्यंत पोहोचत गेले. महाविद्यालयातील मुले एका बैठकीत शेकडो स्ट्रिंग सहज लिहून टाकतात. परंतु त्या शेकडो सूचना त्याच संध्याकाळी प्रतीक्षेच्या रांगेत जातात, आणि मेळावा बरखास्त झाला की ती रांग तपासायला उरतात ती बोटांवर मोजण्याइतकी माणसे, जी आपापली नोकरी आणि संसार सांभाळून रात्री हे काम करतात. नवा भाषांतरकार चार दिवस वाट पाहतो, आठवडा पाहतो. आपले लिहिलेले स्वीकारले गेले की फेटाळले गेले हेही त्याला कळत नाही. आणि तो पुन्हा येत नाही. त्याचे मन उडाले याचा दोष त्याला देता येत नाही, तसा रात्री जागून तपासणाऱ्या संपादकालाही देता येत नाही. लिहिणारे पुष्कळ आणि तपासणारे विरळ अशी ही स्थिती आहे, आणि मराठी प्लगइनांची प्रगती कशाने अडते या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच आहे की ती मंजुरीपाशी अडते. म्हणून समन्वयाचे काम, जे बाहेरून केवळ कारकुनी दिसते, तेच या सर्व उद्योगाचा प्राण आहे.

चांगला समन्वयक काय करतो? तो मेळाव्याच्या आधीच ठरवतो की आज कोणते एकच प्लगइन हाती घ्यायचे. त्या प्लगइनसाठी एका अनुभवी माणसाला पीटीईची मुखत्यारी आधी मिळवून देतो, जेणेकरून लिहिणारा आणि तपासणारा एकाच मेजाभोवती बसतील. आणि स्ट्रिंग नामंजूर झाली तर तिच्याखाली कारण लिहिले गेले आहे की नाही ते पाहतो. ही शेवटची गोष्ट मी सर्वांत मोलाची मानतो. विनाकारण परतलेला मसुदा नवख्याला अपमानासारखा लागतो, आणि दोन ओळींच्या कारणासह परतलेला मसुदा त्याला शिष्य करून घेतो. ज्याची पन्नास भाषांतरे सकारण तपासली गेली, त्याच्यातूनच उद्याचा संपादक निघतो. तपासनिसांची पिढी घडवण्याचा दुसरा मार्ग मला तरी दिसलेला नाही.

तपासणीला इतका वेळ का लागावा, असे वाचकाला वाटेल. त्याचे कारण मराठीच्या व्याकरणात आहे. इंग्रजी स्ट्रिंगमध्ये बहुधा एक रिकामी जागा असते, आणि प्लगइन चालू असताना तिथे ऐन वेळी कोणतेही नाम येऊन बसते : “अमुक आपल्या पिशवीत घातले आहे.” इंग्रजीत त्या जागी काहीही आले तरी उरलेले वाक्य हालत नाही. मराठीत पंचा आला तर ‘घातला’, साडी आली तर ‘घातली’, पुस्तक आले तर ‘घातले’. आणि प्रत्यय लावायचा म्हटले तर नामाचे सामान्यरूप करावे लागते, पुणे हे ‘पुण्यात’ होते आणि पंचा हा ‘पंच्याची’ होतो, जे यंत्राला करता येत नाही. नवखा भाषांतरकार ‘पुणे मध्ये’, ‘पंचा ची’ असे लिहून मोकळा होतो, आणि मग तेच रूप सहस्रावधी पडद्यांवरून मराठी म्हणून फिरत राहते. अनुभवी माणूस वाक्याची मांडणीच बदलतो. “आपल्या पिशवीत नवी भर :” असे लिहून तो नाम शेवटी, विरामचिन्हापलीकडे, मोकळे बसवतो, म्हणजे लिंगाचाही प्रश्न उरत नाही आणि प्रत्ययाचाही. रिकाम्या जागा दोन असतील तर त्यांना क्रमांक देण्याची सोय या व्यवस्थेत आहे, आणि इंग्रजीत आधी येणारे नाम मराठीत नंतर आणता येते. परंतु हे क्रमांक किंवा रिकामी जागा दाखवणारी टक्क्याची खूण चुकून गळली तर पडद्यावर रक्कमच दिसत नाही, किंवा क्वचित संपूर्ण पानच कोलमडते. ग्लॉटप्रेस अशा चुकांचा इशारा देते खरे, पण वाक्य मराठीला शोभते की नाही हे सांगणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

वचनाचेही असेच. या व्यवस्थेत प्रत्येक भाषेला आपली वचने किती ते घोषित करावे लागते : जपानीला एक, मराठीला दोन, पोलिशला तीन, अरबीला सहा. मराठीची दोन घरे इंग्रजीप्रमाणेच असल्याने काम सोपे भासते. परंतु ‘एक अर्ज’ आणि ‘दहा अर्ज’ यांत नाम बदलत नाही, ‘एक उत्तर’ आणि ‘दहा उत्तरे’ यांत बदलते, आणि क्रियापद दोन्हीकडे बदलते, याचे भान प्रत्येक वेळी ठेवावे लागते. शिवाय आज्ञार्थाचा प्रश्न आहे. बटणाने वापरणाऱ्याशी ‘करा’ असे आदराने बोलावे हे मराठी संकेतस्थळांवर आता रूढ झाले आहे आणि ते आपल्या रीतीला धरून आहे. पण एकाच प्लगइनमध्ये पाच जणांनी हात घातला असेल तर एका पानावर ‘करा’, दुसऱ्यावर ‘करावे’ आणि तिसऱ्यावर ‘कर’ अशी सरमिसळ होते, आणि ती निस्तरण्यात तपासनिसाची रात्र जाते.

संज्ञांच्या एकवाक्यतेसाठी दप्तराला एक शब्दसूची जोडलेली असते. सूचीतला शब्द स्ट्रिंगमध्ये आला की तो अधोरेखित होतो आणि ठरलेला प्रतिशब्द भाषांतरकाराला दिसतो. ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाचा हेतू तोच होता, आणि १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोशांच्या मालिकेत तोच हेतू पुढे चालवला. संगणकाच्या क्षेत्रात रेड हॅटमधील भाषांतरकारांच्या पुढाकाराने २००८ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘फ्युएल’ या उपक्रमाने, पडद्यावर वारंवार येणाऱ्या शब्दांपुरत्या निवडक याद्या भारतीय भाषांसाठी सर्वसंमतीने ठरवण्याचा मार्ग धरला. मराठीचाही त्यात समावेश होता. माझे मत असे की सूची लहान असावी. जिच्यात सगळेच शब्द आहेत ती सूची कोणी उघडत नाही, आणि जिच्यात वादाचे शंभरच शब्द आहेत ती मुखोद्गत होते.

हे मी आवडी नावाच्या शहरातून लिहीत आहे, आणि या कामाच्या संदर्भात त्या ठिकाणाचा उल्लेख अप्रस्तुत नाही. चेन्नईच्या पश्चिमेचे हे शहर जुन्या वाचकांना १९५५ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे आणि त्यातील समाजवादी धर्तीच्या समाजरचनेच्या ठरावामुळे ठाऊक असेल. पुढे येथे अवजड वाहनांचा सरकारी कारखाना निघाला, विजयंत रणगाडा येथे तयार झाला, आणि संरक्षण खात्याच्या बदल्यांबरोबर देशाच्या सर्व प्रांतांतली माणसे येथील वसाहतींतून राहू लागली. त्यांत मराठी माणसेही आली. पुण्याच्या सदाशिव पेठेतील माणसाला जी मराठी व्याख्याने, ग्रंथालये, नाटके सहज लाभतात, ती येथे लाभत नाहीत. परंतु प्लगइनच्या दप्तरात पेठ आणि आवडी यांचा दर्जा एकच आहे, आणि घरातली मराठी घराबाहेर कुठेच उपयोगी पडत नाही अशी ज्याची हळहळ असते, त्याला ती लाखोंच्या उपयोगी लावण्याचे स्थान येथे बसल्या बसल्या मिळते. ज्यांच्या नावावर राज्यव्यवहारकोश मोडतो ते रघुनाथपंत हणमंतेही काही काळ याच तमिळ मुलुखात, तंजावरी व्यंकोजीराजांच्या पदरी, कारभार पाहत होते. सीमेबाहेर राहिल्याने भाषेवरची नजर मंद होते असे मला वाटत नाही. दिवसभर दुसरी भाषा ऐकणाऱ्याला आपल्या भाषेचे वळण कुठे मोडले ते उलट लवकर जाणवते.

आणि शेजाऱ्यांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. फेब्रुवारी १९९९ मध्ये चेन्नईस तमिळ आणि संगणक या विषयावर परिषद भरली, तीत भारत, श्रीलंका, सिंगापूर, मलेशिया येथील तमिळ जाणकार एकत्र बसले, आणि कळफलकाची एक प्रमाण मांडणी ठरली, जी ‘तमिळ ९९’ या नावाने आजही प्रचारात आहे. आधी बैठक, मग एकमत, मग काम, हा क्रम त्यांनी पाळला. जिथे एकमत व्हायचे नव्हते तिथे त्यांनी वेगळी घरे केली : वर्डप्रेसच्या दप्तरात भारतातील तमिळ आणि श्रीलंकेतील तमिळ यांची खाती स्वतंत्र आहेत. मराठीचे खाते एकच आहे, आणि त्यात बेळगावची, नागपूरची, गोव्याची, इंदूरची, अमेरिकेतली अशी सगळी मराठी माणसे लिहितात. ते एकच राहावे असे मला मनापासून वाटते. परंतु त्यासाठी तपासणाऱ्याने आपल्या जिल्ह्याचा शब्द तेवढा शुद्ध आणि दुसऱ्याचा अशुद्ध असा निवाडा करण्याचा मोह आवरला पाहिजे.

एक गोष्ट स्वीकारून चालले पाहिजे की हे काम एकदा करून संपत नाही. कर्ता दर काही आठवड्यांनी नवी आवृत्ती काढतो, तीत वीस स्ट्रिंग नव्या असतात, दहा बदललेल्या असतात, आणि कालचे शंभर टक्के आज पंच्याण्णवांवर येतात. म्हणून पन्नास हजार प्लगइनांचा संकल्प सोडण्यात नामुष्की नाही. संपर्काचा अर्ज, दुकान, देणगी, अंध वाचकांसाठी पान सुगम करणारी साधने, शाळा-ग्रंथालयांच्या उपयोगाची साधने, अशी वीस-पंचवीस प्लगइने निवडून, प्रत्येकाचा एक पीटीई नेमून, ती सतत पूर्ण ठेवणे हे मला शेकडो अर्धवट प्रकल्पांपेक्षा अधिक लोकोपयोगी वाटते. प्लगइनच्या भांडारातील परिचयपत्रकाचे भाषांतर वेगळे होते. तेही त्याचबरोबर करावे, कारण मराठीत शोधणाऱ्याला प्लगइन सापडते ते त्या पत्रकामुळे.

अलीकडे यंत्राने भाषांतर करण्याची सोय दप्तरातच आली आहे, आणि तिने काम हलके होईल अशी पुष्कळांची आशा आहे. मसुद्यापुरती ती आशा खरी आहे. परंतु यंत्राचा मसुदा न तपासता घाऊक दाखल करण्यास वर्डप्रेसच्या भाषांतरमंडळाची मनाई आहे, आणि असे करणाऱ्याचा संपादकाचा अधिकार काढूनही घेतला जातो. कारण रिकाम्या जागेत कोणते नाम येणार, हे बटण दुकानाचे की दवाखान्याचे, हे यंत्राला दिसत नाही. यंत्राने लिहिण्याचा वेग वाढवला तर प्रतीक्षेची रांग त्याच प्रमाणात लांबते, आणि तपासणाऱ्यांची गरज आजच्याहून अधिक भासू लागते.

ही गरज भागवण्याचा सर्वांत जवळचा मार्ग प्लगइन घडवणाऱ्यांच्याच हाती आहे. वर्डप्रेसवर काम करणाऱ्या नामांकित कंपन्यांपैकी काही पुण्यातच आहेत. तेथे घडलेली ‘अ‍ॅस्ट्रा’ ही थीम, म्हणजे संकेतस्थळाचे रूप ठरवणारी आज्ञावली, जगभर वापरली जाते. कर्त्याला आपल्या प्लगइनसाठी भाषावार पीटीई सुचवण्याचा अधिकार आहे. अर्जात प्लगइनचे नाव, भाषा आणि ज्याला मुखत्यारी द्यायची त्याचे खाते एवढाच तपशील लागतो. त्या माणसाने आधी लिहिलेल्या स्ट्रिंग मराठीचे जीटीई वाचून पाहतात, त्या समाधानकारक असल्या तर मंजुरी देतात, आणि त्या दिवसापासून त्या प्लगइनची रांग दुसऱ्या कोणाची वाट पाहत थांबत नाही.